शेवटच्या पानावरची पेन्सिल

वाचनालयात जाणं मी काहून सोडलं विचारता, तर सांगतो. माझ्या बायकोला, शांताला वाचता येत नव्हतं आणि मी चौथी पास. धरमपेठेतल्या एका वाचनालयातून पुस्तक आणायचो आणि दुपारी तिला वाचून दाखवायचो. पुस्तक संपलं की ती मत द्यायची, मी ते शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहायचो.

एका कादंबरीवर तिचं मत होतं, "या बाईनं नवऱ्याले पहिल्याच धड्यात सोडायले पाहिजे होतं." प्रवासाच्या पुस्तकावर, "एवढा फिरला, पण जेवला काय ते सांगतच नाही." आरोग्याच्या पुस्तकावर, "मीठ सोडा म्हणते. मंग जगू काहून?"

शांता गेल्यावर मी तीच पुस्तकं पुन्हा मागितली. नव्या ग्रंथपालबाईंनी शेवटचं पान उघडलं.

"काका, हे तुम्ही लिहिलं?"

"अक्षर माझं. बोलणं माझ्या बायकोचं."

"पुस्तकं खराब केली तुम्ही. आत्ताच खोडा, नाही तर सभासदत्व बंद."

सभासदत्व गेलं तर पुस्तकंही गेली. म्हणून खोडरबर घेऊन बसलो. तिसरं पुस्तक खोडताना बाईंना विचारलं, "बाई, आमच्यानंतर हे कोणी नेलं काय?"

त्यांनी पुस्तकातलं कार्ड पाहिलं. "नाही. तुमच्याशिवाय कोणीच नाही."

"मंग मी हे कोणासाठी साफ करून राहिलो?"

बाई म्हणाल्या, "रबराचा चुरा खाली पाडू नका, काका. आत्ताच झाडून झालं."

पुस्तकं तिथंच ठेवली आणि तो चुरा मी खिशात घालून घरी आणला.