चिखलाचा पाय

जालन्याच्या मिशन दवाखान्यात तारा ओळीत उभी होती. कान मात्र बाकाकडं. तिथं उपदेशक याकोब मास्तर, त्यांची बायको रूथबाई, आणि घनसावंगीहून छकड्यातनं आलेली, सुजल्या पायाची सगुणाबाई.

"प्रभूनं शिष्यांचे पाय स्वतः धुतले, सगुणाबाई."

"लई चांगलं केलं. मंग माझा चिखलाचा पायबी धुवा. डाक्टरीणबाई म्हन्ली धुऊन ये, अन् मला तर वाकता येत न्हाई."

"बाई, मी वचन सांगून राह्यलो."

"मंग वाकून सांगा," म्हणत रूथबाईनं पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.

मास्तरांनी बाह्या सारल्या.

"दुखतंय का?"

"बिलकुल न्हाई. बराबर धुवून राह्यलात."

"झालं. आता हा डावा कशाला पुढं केला? तो तर बरा आहे."

"बराच हाय. पर त्यालाबी प्रभूचं कळू द्या की."