प्रकाशची पट्टी

शिक्षकांच्या शिबिरात शिकलेलं सगळंच काही फुकट जात नाही, बरं का. अंबरनाथच्या शाळेत मी पीटी शिकवायचो तेव्हा तिथलाच एक खेळ घेतला. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि जोडीदाराने नुसतं बोलून त्याला मैदानात फिरवायचं. मी मुद्दाम विलास-प्रकाशची जोडी लावली. दोघं बुवापाड्यातले शेजारी. पण दोघांचे बाप एकाच कंपनीत, आणि तिथे संप होता. विलासचा बाप संपकऱ्यांबरोबर गेटवर बसलेला, प्रकाशचा संप मोडून आत कामाला. पोरांना घरून ताकीद होती, एकमेकांशी बोलायचं नाही.

विलास आधी नुसतं "डावीकडे", "खड्डा आहे" करत होता. तिसऱ्या फेरीला दोघं खिदळत होते.

मी शिट्टी वाजवली, तरी प्रकाश पट्टी काढेना.

"अरे, संपला खेळ."

"राहू द्या ना सर. घरी विचारलं तर सांगेन, कोणाशी बोललो ते दिसलंच नाही."