खांद्याचं हाड कोणाच्या घरचं

मी, वुकोसावा लेकिच, वय ६१ वर्षे, धंदा मेंढ्या पाळणे, राहणार सुवी दोल, झाब्ल्याकजवळ, माँटेनेग्रो. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मयत रादोये लेकिच, वय ५८, हे माझे सख्खे धाकटे दीर. त्यांना बायको-मुलं नाहीत. माझे पती वारले आहेत. आमची घरं शेजारीशेजारी आहेत.

फेब्रुवारीत माझ्या म्हाताऱ्या मेंढीला जुळं झालं, दोन्ही नर. दोघांना पुरेल एवढं दूध तिला नव्हतं. त्याच सुमारास भावजींच्या तरण्या मेंढीचं कोकरू मेलं. वासाने तिला आपलंच वाटावं म्हणून मेलेल्याचं कातडं पांघरवून माझ्या जुळ्यातलं एक त्यांनी तिच्या कासेला लावलं. आमच्याकडे असंच करतात. ते तिथे एकटं पिऊन चांगलं माजलं. माझ्याकडच्याच्या नुसत्या बरगड्या. एका पोटचे आहेत असं कोणी म्हणणार नाही.

मी कोकरू परत मागितलं. भावजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या मेंढीने नुसती हाडं दिली. मांस-चरबी माझ्या मेंढीच्या दुधाची."

मी म्हणाले, "मग माझी हाडं तरी द्या की!"

यावरून आम्ही एप्रिलभर भांडलो, गावाची फुकट करमणूक झाली. शेवटी मे महिन्यात संत जॉर्जच्या सणाला ते कोकरू कापून एकत्र जेवायचं ठरलं.

काल माझ्या घरी जेवण झालं. पाठीवर दोन बोटं चरबी निघाली. शेजारचे मिलुतिन आजोबा खांद्याचं हाड उजेडात धरून बघतात. कोकरू ज्या घरचं, त्या घराचं पुढचं त्यात दिसतं. आजोबांनी हाड बघितलं आणि खाली ठेवलं. "घरातला पुरुष जातोय," ते म्हणाले. "कोकरू कोणाचं, ते आधी सांगा."

माझ्या घरात पुरुष एकच, माझा मुलगा लुका, वय ३२. तो ट्रक घेऊन बार बंदराच्या रस्त्यावर होता. मी ओरडले, "भावजींचं! त्यांच्या मेंढीचं दूध प्यायलंय ते!"

इतके दिवस मी उलट सांगत होते.

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, हाडं तर तुमची, वहिनी. ते म्हणाले, "आजोबा, माझंच ते. वहिनींना विचारा, सांगून सांगून घसा बसला माझा." आणि हसले. हाड टोपीत घालून घरी गेले.

आज सकाळी उरलेलं मटण द्यायला मी गेले. ते गोठ्यात त्या मेंढीपाशी पडले होते. अंग गार. अहो भावजी, अहो भावजी, अशा मी किती हाका मारल्या मला आठवत नाही. मटणाचं भांडं कुठे ठेवलं तेही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं. माझा कोणावर संशय नाही.

दुपारी लुकाचा फोन आला. तो सुखरूप आहे. मी रडले, ते कोणासाठी हे मला सांगता येत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यावर विषय म्हणून 'जबाब देणारीचं कोकरू' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावून 'मयताचं कोकरू' असं करून घेतलं. बाकी सगळं खरं आहे.