हवालदारांचा कंगवा

दिल्लीतल्या दवाखान्यात, औषधांच्या रांगेत, माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

"वन्सं, लकव्यातून उठल्यापासून ह्यांना साध्या वस्तू वापरता येत नाहीत."

"नव्या टीव्हीचा रिमोट तर मलाही जमत नाही, वहिनी."

"रिमोट नाही हो, कंगवा! काल दातांवर घासत होते."

"दादाची मस्करी असेल. डोळे बांधून रायफल जोडणारा हवालदार तो!"

"मलाही तेच वाटलं. विचारलं, हे काय? म्हणाले, कंगवा. कशाला? केस विंचरायला. आणि पुन्हा दातांवर!"

"अगंबाई! डॉक्टर काय म्हणाले?"

"वस्तू ओळखतात, पण ती वापरायची कशी ते हात विसरलाय. हे आज कळलं, वन्सं. काल मी त्याच हातावर फटका मारला."

"मग?"

"मग साहेबांसमोर राहावं तसे माझ्यासमोर सावधान उभे राहिले."