जांभईची चौकशी

“मुलगी गुणाची आहे गं, पण जांभई देत नाही” — सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या. तुम्ही पडून राहा काकू, उठू नका, गादी अंगाला कळायला वेळ लागतो — तर, हे मी ऐकायचं नव्हतं. मी गाद्यांच्या चळतीमागे होते. गाद्यांच्या दुकानाचं हेच आहे, मोठ्याने बोललेलं विरून जातं आणि कुजबुजलेलं नेमकं पोचतं. हसताय? मीही हसले असते, नोटीस मिळाली नसती तर.

नोटीस म्हणजे खरीखुरी — सासऱ्यांच्या सहीची, आमच्या ह्यांनी हातात दिलेली, आणि देताना माझ्याकडे न बघता. दुकान सासऱ्यांचं आणि त्यांचा सिद्धांत असा, की जांभई पसरते. गिऱ्हाईक आत आलं की आपण तोंडभर जांभई द्यायची, मग त्याला येते, मग ते टेकतं, टेकलं की लोळतं, लोळलं की पाकीट काढतं. नणंद देते ना — काय देते! डोळ्यांत पाणी आणून, आणि शेवटी एक बारीकसा सुस्कारा. माझी पाळी आली की मी म्हणते, “या, काय दाखवू?” झाला आज्ञाभंग.

का नाही देत? अहो, लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी जेवताना मला एक आली — एवढी दगदग, येणारच — तर सासूबाई म्हणाल्या, “मोठ्यांच्या देखत जांभया देत नाहीत आपल्याकडे.” संपलं. तेव्हापासून मी गिळते. जबडा दुखतो, पण गिळते. आता इथे बघा, सासूबाई गल्ल्यावर, सासरे दाराशी. मोठ्यांच्या देखत नाही अशी जागा दाखवा मला! पण हे सगळं मनातल्या मनात, बोलले कुठे? आणि रात्री झोप म्हणाल तर त्या चटईवर पाठ अशी — म्हणजे — आमच्या घरात गादी नाही. एकही नाही. सासरे म्हणतात, गादीने पाठ बिघडते. — हे बोलायला नको होतं मी. तुमची नाही बिघडणार काकू, पडा.

काल सुट्टी होती, तर दुपारची जेवणं आटोपून चौकशी बसली. घरीच, जेवणाच्या टेबलावर. टेबल मीच पुसून दिलं. सासरे अध्यक्ष, सासूबाई साक्षीदार, नणंद आरोप वाचणार आणि माझी बाजू मांडायला आमचे हे. “संबंधित कर्मचारी बसू शकतात,” नणंद म्हणाली. बसले. “संबंधित कर्मचाऱ्याने हेतुपुरस्सर ताजंतवानं राहून दुकानाचं नुकसान केलं.” मग कामकाज तहकूब — “सूनबाई, चहा टाका.” टाकला. “वहिनी, तुझ्या हातचा चहा म्हणजे ना!” — माझ्या गालाला हात लावून म्हणाली हो, आणि कप खाली ठेवला तशी, “आरोप दुसरा.” सिद्ध झाले असते तर दुकान सुटलं असतं माझं. दिवसभर त्या घरात मी आणि ती चटई. इथे माणसं येतात, तुमच्यासारखी लवंडतात, इथे मी बोलते तरी. म्हणून ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले, घसा साफ केला, म्हणाले, “ती प्रयत्न करेल.” आणि खाली बसले. एवढीच माझी बाजू!

आणि तेव्हा ती आली. खरी, पार तळातून. गिळायला गेले, नाही गिळता आली. जबडा असा उघडला की कानात टक् वाजलं. आणि पसरली हो! सिद्धांत खरा निघाला — आधी ह्यांना, मग नणंदेला, सासूबाईंनी तोंडावर हात धरला तर ती बोटांमधून बाहेर आली. निकाल? निकाल द्यायला जागं कोण राहिलं? नणंद तर आरोपांवरच डोकं ठेवून घोरायला लागली. म्हणून आज सकाळी मी आले, शटर उघडलं, आणि अजून तरी कोणी काही म्हणालेलं नाही. — काकू? अहो काकू? — झोपल्या. बरं, मग सांगतेच. डोळे मिटता मिटता सासरे म्हणाले होते, “बघा, येते की हिला! मग दुकानात द्यायला काय होतं?” आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी मी बोलले —

“बाबा, ही माझी आहे. दुकानाची नाही.”