मागच्या सीटवरची चादर

सुपेल्यात गाडीच्या सीटा दुरुस्त करणाऱ्या दुकानात मी बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारा गाडीवाला आणि एक बाई बोलत होते.

“काका, मी बसाच्या आधी तुमी मागच्या सीटवर चादर टाकत होते. मले वाटे, माह्यानं सीट बाटते म्हणून.”

“नाही व संघमित्रा. तुले दवाखान्यात नेता नेता तुहा रोशन त्याच सीटवर झाला. चामड्यावरचा डाग निघालाच नाही. तुले दिसला असता त तू लाजली असती.”

“अन् मी उगाच राग धरला. मंग आता कावून साफ करून राहिले?”

“परवा रोशन नवरदेव बनून तिथं बसन. कारागीर म्हणते, घासून रंग दिला का चामडं नव्यासारखं होते.”

“गाडी तुमचा पोरगा प्रवीण चालवन. तुमी रोशनच्या बाजूले बसा.”

“बाजूले त बाप बसते.”

“त्याचे बाबा वऱ्हाडाच्या बसनं येतीन, काका.”