दोन सरकारांचं बोलणं अन् अंजनगावचा पानमळा

मी मूळची अकोटाकडची. आमी जातीनं बारी, म्हणजे नागवेलीच्या पानाचे मळे करणारे. माहेरी मळा होता, सासरीही मळाच. लग्न होऊन अंजनगावले आली तवा मले लुगडं नीट नेसता येत नव्हतं, पण पान खुडता येत होतं, देठ किती ठेवायचा ते बोटालेच ठाऊक होतं. माह्या आईनं निरोप देताना बाकी काही सांगतलं नाई, एवढंच म्हणे, गोदे, सासूशी भांडलीस तर चालते, वेलीशी भांडू नको.

पानमळा तुमी पाह्यला नसन तर सांगते. ते वावर नोहे. जोडा बाहेर काढा लागते, आत शिव्या देता येत नाई, एका कोपऱ्यात नागोबाचा दगड असते. शेवरीच्या झाडायवर वेल चढवलेली, चारी बाजूनं आडोशाले ताट्या बांधलेल्या, भर उन्हाळ्यात आत गेलं तर विहिरीत उतरल्यावानी थंड वाटते. अन् दरसाली होळीच्या आगंमागं उतरण करा लागते. उतरण म्हणजे काय, तर वर गेलेली वेल सोडायची, अलगद खाली घ्यायची, बुडाशी गुंडाळी करून मातीत दाबायची, शेंडा तेवढा वर ठेवायचा, मग ते नव्यानं चढते. एक साल उतरण राह्यली तर पान बारीक होते, दुसऱ्या साली राह्यली तर मळा गेला समजा. हे उतरण गडीमाणसायचं काम. बायांनी खुडायचं, निवडायचं, टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात न्यायचं.

घरात माणसं थोडीच. सासरे, त्याईले आमी मामाजी म्हणो. भासरे, म्हणजे माह्या मालकाचे मोठे भाऊ. माही मोठी जाऊ यमुनाबाई, अन् आमी दोघं. घरचे, म्हणजे माहे मालक, कमी बोलणारे, जिकडं भांडण कमी तिकडं बसणारे.

तर काय सांगू तुमाले, तवा कोठीतरी सातासमुद्रापार लढाई लागली, तिकडचा कापूस अडला, अन् विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडं पाहू लागल्या. कापसाले भाव आला. असा भाव की शेजारच्या कुणब्यानं बैलाच्या गळ्यात चांदीची साखळी घातली, अन् रात्री ते चोरीले जाईन म्हणून खुद्द बैलापाशी निजे, बायको म्हणे आता त्याच्याशीच संसार करा. भासऱ्याईनं ते सारं पाह्यलं अन् घरी येऊन म्हणाले, मळा मोडा, कपाशी लावा. मामाजी म्हणाले, माह्या बापानं लावलेली वेल हाये. भासरे म्हणाले, बापाले कापसाचा असा भाव दिसला असता तर त्यानंही मोडली असती. रोज संध्याकाळी हेच. मी भाकरी थापता थापता ऐको. मळा मोडला तर मी कोण, हे कोणी विचारलं नाई. मले दुसरं काही येत नव्हतं.

त्यात एक बातमी आली, अन् घरात आणली मीच. एलिचपूरच्या बाजारात करीमचाचा म्हणून पानवाले होते, माहं टोपलं तेच घेत. ते म्हणाले, बेटी, सुना क्या, वऱ्हाड परत मोगलाईत जाऊन राह्यलं. मोगलाई म्हणजे हैदराबादच्या निजामाचं राज्य, अन् आमचं वऱ्हाड तसं निजामाचंच. फौजेच्या खर्चापायी इंग्रजानं कारभार आपल्या हाती घेतला होता. आता म्हणे हैदराबादच्या दिवाणानं कलकत्त्याच्या लाटसाहेबाशी बोलणं लावलं, आमचा मुलूख आमाले परत द्या म्हणून. करीमचाचा खूश. मोगलाई आली की एलिचपुरात सरदार लोक येतील, सरदार आले की पान आलं, त्याईचा हिशेब सरळ होता.

पण ज्याचा त्याचा हिशेब येगळा. एलिचपुरात नवाबाच्या गल्लीत साखर वाटली. कुणबी लोक घाबरले, काहून की इंग्रजानं आताशा वावर मोजून नावावर लावून देणं सुरू केलं होतं, मोगलाई आली तर ते नाव राहीन का पुसल्या जाईन. कापसाचा दलाल म्हणे, राजा कोणी असो, गाठोडं बांधायले माणूस लागतेच. अन् आमच्या गावचे देशमुख, त्याईचा जुना मान इंग्रजानं काढला होता, त्याईनं तबेल्यातली म्हातारी घोडी बाहेर काढली अन् गावातून रपेट मारू लागले. पुढच्या बाजारी बातमी उलटी आली, इंग्रज काही सोडत नाई, तर देशमुख पायी. मंग परत मोगलाईची बातमी, परत घोडीवर. आमी बाया पाण्यावर असलो की विचारो, आज बोलणं कुठवर आलं व? अन् एखादी म्हणे, आज पायीच चालले, म्हणजे बिघडलं.

याच बोलण्यावर माह्या घरानं आपला मळा टांगला. मामाजीले पक्कं वाटे मोगलाई येणार. भासऱ्याईले पक्कं वाटे इंग्रज हलत नाई. एक दिवस भांडण लय वाढलं तसे दोघं बाप-लेक नागोबापुढं जाऊन बसले, दगडापुढं पान ठेवलं, अन् बोली केली, म्हणजे देवापुढं शब्द दिला. वऱ्हाड मोगलाईत गेलं तर मळा राहीन. इंग्रजाकडं राह्यलं तर मळा मोडून कपाशी. अन् निकाल लागेपर्यंत या घरच्या गड्यानं वेलीले हात लावायचा नाई, ना राखायले ना मोडायले. आमच्यात पान ठेवून केलेली बोली मोडली तर वेल उभी वाळते म्हणतात. घरचेही तिथं उभे होते, त्याईनंही मान हलवली, झालं, तेही अडकले.

आता बोलणं हैदराबादेत, बोलणं कलकत्त्यात. आमच्या अंजनगावची होळी जवळ आली. वेल शेवरीच्या शेंड्याच्या वर निघून हवेत लोंबू लागली, पान बारीक होऊ लागलं. मी एलिचपूरले गेली की पानाआधी बातमी विचारो. करीमचाचा म्हणत, बात चल रही है. परतवाड्याच्या छावणीतला एक शिपाई म्हणे, साहेब लोक कागद लिहून राह्यले. होळी झाली. मामाजी मळ्याच्या दाराशी बसून राहत, आत पाहत, पण आत जात नसत. मी म्हटलं, मामाजी, उतरण? तर म्हणाले, बातमी येऊ दे पोरी. भासऱ्याईले मी तोंड वर करून बोलत नसे, मोठेपणाचा रिवाज, म्हणून यमुनाबाईले विचारायले लावलं. ते म्हणाले, मळा मोडायचाच हाये, उतरण काहून करायची?

दुसऱ्या दिवशी दोघं बाप-लेक जेवायले बसले होते, घरचेही होते. मी पदर पुढं ओढला अन् भिंतीकडं पाहून बोलली. म्हटलं, बोली गड्यायची हाये. मी नागोबापुढं पान ठेवलं नाई, अन् यमुनाबाईनंही नाई. तुमी हात लावू नका. आमी लावतो.

भासऱ्याईचा घास हातातच. मंग मामाजी म्हणाले, बाईनं उतरण केलेली मी ऐकली नाई. यमुनाबाई, जे माह्यापेक्षाही कमी बोले, ते म्हणाली, मी तरी सरकारावर मळा टांगलेला कुठं ऐकला होता. अन् उठून कासोटा खोचला.

उशीर झाला होता. वेल सोडताना मोडे, गुंडाळी जमत नसे. मामाजी दाराबाहेरून ओरडत, अगं तशी नाई, पेर मातीत येऊ दे, पेर. सांगायची बोलीत मनाई नव्हती. अर्धा मळा त्या साली गेला. अर्धा फुटला.

पुढं ते लढाई सरली म्हणे, कापसाचा भाव बसला. बैलाची साखळी गेली. मामाजीही गेले, कोणाच्या राज्यात गेले ते त्याईले शेवटपर्यंत समजलं नाई. बडनेऱ्यापर्यंत आगगाडी आली. भासरे बटाईनं वावर करतात, कपाशीच लावतात. मळ्याबद्दल बोलत नाई, पण बोली मोडतही नाई. विहिरीचं पाणी दांडाच्या तोंडापर्यंत आणून देतात, आत आमी घेतो. ताट्या बाहेरून बांधून देतात, ताटी म्हणजे काही वेल नोहे. घरचेही तसेच. उतरण आमी दोघी जावा करतो, अन् आता माही सूनही हाताखाली आली हाये, तिचा हात माह्यापेक्षा हलका.

निकाल अजून लागला नाई. या उन्हाळ्यात परत ऐकलं, दिवाणाचा माणूस परत कलकत्त्याले गेला, परत बोलणं लागलं. बाजारात कोणी म्हणते मोगलाई आली पाह्यजे, कोणी म्हणते इंग्रजच बरा. मले विचारतात, गोदाबाई, तुमाले कोण पाह्यजे? मी काय सांगू. ज्या दिवशी ते लोक बोलण्यावरून उठले, त्या दिवशी आमच्या घरी मळ्याच्या हिशेबाले बसा लागन. म्हणून मी नागोबाले रोज म्हणते, दोन्ही सरकारायले उदंड आयुष्य दे बापा, त्याईचं चांगलं होऊ दे, अन् त्याईचं बोलणं असंच चालू राहू दे.